डॉल्फिन दिसला नाही, तेही लिहा : मालवण किनाऱ्यावरचं फील्ड असिस्टंटचं काम

(एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे कापले आहेत.)

गेल्या महिन्यात स्टोरीवर मी देवबागच्या बोटीतला एक फोटो टाकला आणि इनबॉक्स भरून गेला. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : "भाऊ, तू आयटीवाला. सुट्टी काढून डॉल्फिन बघायला जातोस, त्याला व्हॉलंटियरिंग काय म्हणायचं?" काहींनी सरळ विचारलं, "आम्हाला पण यायचंय, लिंक दे."

लिंक देण्याआधी हे काम नेमकं काय आहे ते सांगतो. मी मूळचा कुडाळचा, बीटेक करून पुण्यात बॅकएंडची नोकरी करतो. दोन सीझन मिळून सात आठवडे मी सिंधुदुर्गात अभ्यासकांच्या हाताखाली फील्ड असिस्टंट म्हणून काम केलं. कधी बोटीवर, कधी मासळीच्या जेटीवर, कधी पहाटे पुळणीवर. या सगळ्यातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि आजचा एपिसोड तिच्यावरच आहे : फील्ड असिस्टंटचं खरं काम प्राणी शोधणं नाही. "बघितलं, पण दिसलं नाही" आणि "बघितलंच नाही" या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं, हे त्याचं काम.

ऐकायला फालतू वाटतंय? पाच मिनिटं द्या.

बोटीवर दिवस कसा जातो

सिंधुदुर्गाची किनारपट्टी साधारण १२१ किलोमीटरची. तिच्या उथळ पाण्यात हम्पबॅक डॉल्फिन राहतात, पाठीवर उंचवटा असलेले. किनारा सोडून ते फार आत जात नाहीत. म्हणजे जिथे आपल्या होड्या, जाळी, टुरिस्ट बोटी आणि नदीतून येणारा सगळा कचरा, तिथेच त्यांचं घर. आययूसीएनच्या यादीत ही जात 'धोक्यात' या वर्गात आहे. कोंकण सिटेशियन रिसर्च टीम या अभ्यासकांच्या गटाने याच किनाऱ्यावर बोटीतून डॉल्फिनच्या नोंदी घेतल्या, गावोगावच्या मच्छीमारांशी बोलून त्यांना काय माहिती आहे तेही नोंदवलं. २०१८ मध्ये केतकी जोग आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध आला. हे काम परदेशात होतं आणि आपण चॅनलवर बघतो, असं समजू नका. ते तारकर्लीच्या समोर होतं.

बोट एका ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या वेगाने जाते. दोघं जण दोन बाजूंना नजर ठेवून असतात, तिसरा लिहितो. नवीन माणूस बहुतेक वेळा तिसरा. दर थोड्या वेळाने वेळ, जीपीएसचा आकडा, समुद्राची स्थिती, आजूबाजूला किती बोटी, ऊन डोळ्यांवर येतंय का, हे सगळं भरायचं. समुद्राची स्थिती ब्यूफर्ट नावाच्या मोजपट्टीवर लिहितात, ० ते १२. पाणी ताटासारखं सपाट असेल तर ०. ३ वर लाटांच्या डोक्यावर इथेतिथे पांढरा फेस दिसायला लागतो, आणि मग फेस कुठला आणि डॉल्फिनचा कल्ला कुठला हे ओळखणं अवघड होतं.

डॉल्फिन दिसला तर कोन, अंतर, कळपात किती, पिल्लू आहे का. कल्ल्याचे फोटो काढतात, कारण पाठीवरच्या कल्ल्याला पडलेले खाचे प्रत्येकाचे वेगळे असतात. आपला आधार नंबर, त्यांचा कल्ला!

आणि दिसला नाही तर? मग सकाळी साडेसहा ते अकरा बोटीत बसून तुम्ही फक्त 'नाही' लिहिता. सलग तीन दिवस 'नाही' लिहिलं की नव्या माणसाचा चेहरा पडतो. पण त्या तीन दिवसांची किंमत बघा.

एक समुद्र, तीन उत्तरं

समजा, एका खाडीच्या मुखाशी १० फेऱ्या ठरवल्या. ४ फेऱ्यांत डॉल्फिन दिसले. ३ फेऱ्या पूर्ण झाल्या, पण दिसले नाहीत. उरलेल्या ३ फेऱ्या वाऱ्यामुळे किंवा इंजिन बंद पडल्याने झाल्याच नाहीत.

पहिला माणूस फक्त डॉल्फिन दिसले तेव्हाच लिहितो. त्याच्या फाईलमध्ये चार ओळी, चारही ओळींत डॉल्फिन. उत्तर : १०० टक्के.

दुसरा माणूस रिकामे रकाने बघून अस्वस्थ होतो आणि सगळीकडे ० भरून टाकतो. दहापैकी चार. उत्तर : ४० टक्के.

तिसरा झालेल्या फेरीत ० लिहितो आणि न झालेली फेरी रिकामी ठेवून बाजूला कारण लिहितो. सातपैकी चार. उत्तर : साधारण ५७ टक्के.

आता पुढच्या वर्षी हवा चांगली मिळाली, दहाच्या दहा फेऱ्या झाल्या आणि ५ मध्ये डॉल्फिन दिसले. म्हणजे ५० टक्के. पहिल्याच्या हिशोबाने डॉल्फिन निम्मे झाले. दुसऱ्याच्या हिशोबाने वाढले. तिसऱ्याच्या हिशोबाने थोडे कमी दिसले. इतक्या कमी फेऱ्यांवरून कुणी शहाणा माणूस निष्कर्ष काढणार नाही, पण मुद्दा कळला ना? समुद्र तोच आणि डॉल्फिनही तेच, तरी रकाना कसा भरला त्यावर बातमीची दिशाच उलटी झाली.

कोड लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. डेटाबेसमध्ये ० वेगळा आणि नल वेगळा. खात्यात शून्य रुपये असणं आणि खातंच नसणं एक नाही. फरक एवढाच की ऑफिसात हा घोळ झाला तर रात्री कुणाला तरी फोन येतो आणि दुरुस्ती होते. गेल्या वर्षीच्या १४ फेब्रुवारीला समुद्रावर नक्की काय झालं होतं, हे आता कुठल्या लॉगमध्ये शोधणार? त्या सकाळची एकमेव प्रत म्हणजे तो कागद.

हो, कागद. आणि पेन्सिल, कारण शाई पाण्याने पसरते. तुम्ही डेव्हलपर असाल तर पहिल्याच दिवशी हात शिवशिवतील की याचं एक मस्त ॲप बनवू. थांबा! ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही, उन्हात दिसत नाही, आणि बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंजचा भरवसा नाही. आधी महिनाभर त्यांच्या पद्धतीने भरा. मदत करायचीच तर संध्याकाळी कागदावरून लॅपटॉपवर नोंदी चढवताना करा : तारीख एकाच पद्धतीने लिहिली आहे का, वेळ २४ तासांची आहे का, जीपीएसचा एखादा बिंदू चुकून कणकवलीच्या डोंगरात तर पडला नाही ना. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटतो. सहा महिन्यांनी सुटत नाही.

जेटीवर : पन्नास सेंटिमीटरच्या दोन मुशी

दुसरं काम मासळीच्या जेटीवरचं. होड्या लागतात, टोपल्या उतरतात आणि लिलाव सुरू व्हायच्या आत आपल्याला मुशी आणि पाकटं मोजायची असतात. मोरीचं मटण आवडीने खाणाऱ्यांना सांगायला नको, मुशी म्हणजे शार्क. जात कोणती, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी किती, नर की मादी. नर ओळखणं सोपं : पोटाखालच्या परांना जोडून दोन नळीसारखे अवयव असतात. ते मऊ असतील तर नर अजून वयात आलेला नाही, ताठ आणि कडक झाले असतील तर आलेला आहे.

इथे लांबी एकटी कामाची नसते. पन्नास सेंटिमीटरच्या दोन मुशी शेजारी ठेवल्या. एक चपट्या फावड्यासारख्या नाकाची छोटी मुशी, इंग्रजीत जिला स्पेडनोज म्हणतात. ती जात मुळातच छोटी, मीटरभरही होत नाही. पन्नास सेंटिमीटरची म्हणजे पूर्ण वाढलेली. दुसरी हातोड्यासारख्या डोक्याची, स्कॅलप्ड हॅमरहेड. ही तीन मीटरच्या वर वाढते आणि जन्मतानाच साधारण अर्धा मीटर असते. म्हणजे ही नुकतं जन्मलेलं बाळ, आणि ती जात आययूसीएनच्या यादीत 'अतिशय धोक्यात' या वर्गात. तुम्ही नुसतं "मुशी, ५० सेंमी" लिहिलंत तर या दोन गोष्टींची एकच गोष्ट झाली.

आणखी एक नियम : टोपलीतली सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात विचित्र मुशी उचलून मोजायची नाही. हात आपोआप तिकडेच जातो. आधी ठरवलेल्या पद्धतीने, येईल ती मोजायची. आणि कुणाचाही लिलाव थांबवायचा नाही. बर्फ वितळतोय, भाव उतरतोय आणि तुम्ही पट्टी लावून बसलाय, असं झालं तर उद्या त्या टोपलीजवळ तुम्हाला कुणी उभं करणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

जेटीवरही शून्याचा तोच खेळ. होडी समुद्रात गेली आणि मुशी मिळाली नाही, हे शून्य. होडी गेलीच नाही, हा रिकामा रकाना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत कुणी ० भरले तर आलेख बघणाऱ्याला वाटेल की मासे अचानक संपले.

वही बघून लोक का बिचकतात

एका संध्याकाळी एका वयस्क तांडेलांनी मला विचारलं, "झिला, ह्यां सगळां लिवन तू काय करतलंस?"

या प्रश्नाला इतिहास आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग गाभा क्षेत्र, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्याचा. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात जाळी लागत होती त्यांनी विरोध केला, आणि तो वर्षानुवर्षं चालला. त्यामुळे किनाऱ्यावर कुणी वही घेऊन उभा राहिला की पहिली शंका हीच : हा लिहिणार आणि उद्या आमच्यावर बंदी येणार.

म्हणून उत्तर खरं द्यायचं. मी त्यांना सांगितलं, "काका, तुमचं नाव लिहीत नाही, होडीचा नंबर लिहीत नाही. जाळं नेमकं कुठे टाकलं तेही तुम्ही सांगितलंत तरच, आणि ते छापायचं नाही असं आमच्यात ठरलंय." मासे कुठे मिळतात ही माहिती म्हणजे मच्छीमाराचं भांडवल. आपण आपला पासवर्ड कुणाला देत नाही, तसंच.

त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मगे गावाक नाय तां पण लिव. नायतर वाचतलो तो म्हणात, मालवणात सगळां बरां चाललां हा."

मिळालं नाही तेही लिही, नाहीतर वाचणारा म्हणेल मालवणात सगळं छान चाललंय. मी वीस मिनिटं घेऊन जे सांगितलं ते काकांनी दोन वाक्यांत संपवलं. फक्त भरलेल्या टोपल्या नोंदल्या तर मासळी भरपूर दिसते. फक्त डॉल्फिन दिसलेले दिवस नोंदले तर डॉल्फिन भरपूर दिसतात. उद्या याच किनाऱ्यावर एखादी जेटी, बंदर किंवा वाळूउपशाचा प्रस्ताव आला, किंवा कुणी सगळा दोष मच्छीमारांवर टाकला, तर टेबलावर हेच आकडे येणार. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची बाजू मांडायला त्या वेळी फक्त ती शून्यं असतात.

पुळणीवर : आलं, पण अंडी न घालता गेलं

तिसरं काम कासवांचं. ऑलिव्ह रिडले कासवं ओडिशात हजारोंच्या संख्येने एकदम येतात. आपल्याकडे एकेकटी येतात, हिवाळ्यातल्या रात्री. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, देवगड तालुक्यातलं तांबळडेग ही त्यातली काही गावं. पहाटे उजाडायच्या आत पुळण चालायची आणि वाळूतला माग शोधायचा. रिडलेच्या मागात डाव्या-उजव्या परांच्या खुणा आळीपाळीने पडतात. हिरव्या कासवाच्या समोरासमोर.

माग वर गेला, घरटं सापडलं, तर वनविभागाने नेमलेले गावातले कासवमित्र पुढचं बघतात. एका घरट्यात साधारण शंभरेक अंडी. ती हलवायची तर काही तासांच्या आत आणि न फिरवता, नाहीतर आतला जीव दगावतो. घरट्याचं तापमानही नोंदवतात, कारण कासवात नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. जास्त ऊब, जास्त माद्या.

पण कधी माग वर जातो, वळतो आणि घरटं न करता परत समुद्रात. कुत्री, दिवे, माणसांची गर्दी, कडक वाळू, कारण काहीही असेल. तेही लिहायचं. एखाद्या पुळणीवर असे परतीचे माग वाढायला लागले तर नव्या हॉटेलच्या दिव्यांबद्दल बोलायला पुरावा तोच. आणि गावात लग्न होतं म्हणून कुणी पुळण चाललंच नाही, तर? बरोबर, रिकामा रकाना आणि कारण.

छोट्या नोंदीचा हिशोब कुठवर जातो बघा. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पराला धातूचा टॅग होता, नंबर ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये तो ओडिशात लावला होता! अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास. पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, असं जे धरून चालत होते, त्याला त्या पाच आकड्यांनी धक्का दिला. चार वर्षांपूर्वी कुणीतरी नंबर नीट लिहून ठेवला आणि इथे कुणीतरी तो नीट वाचला, म्हणून हे कळलं.

फुकट काम कोण करतं

आता जरा अडचणीचा विषय. मध्य अमेरिकेत कोस्टा रिकातल्या टोर्तुगेरो इथे १९५९ पासून एक संस्था कासवांवर काम करते. तिथे आणि अशा बऱ्याच ठिकाणी व्हॉलंटियर स्वतः पैसे भरून जातात, त्यातून कामाचा खर्चही निघतो. आपल्याकडे बहुतेक वेळा राहणं-जेवण मिळतं किंवा तेही आपलं आपण. मला पगारी सुट्टी मिळते म्हणून मला ते परवडतं. प्राणिशास्त्र शिकलेल्या मालवणच्या एखाद्या मुलीला ते परवडेलच असं नाही.

त्यामुळे मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. गावातल्या माणसाला पगार देऊन होणारं काम मी फुकट करून त्याची जागा खायची नाही. पाण्याचा रंग बघून वारा सांगणारा तांडेल, माग बघून कासव कधी आलं ते सांगणारा कासवमित्र, यांना मोबदला हवा आणि अहवालात नाव हवं. आपण नोंदी चढवू, तपासू, तिसऱ्या माणसाची वही धरू.

आणि माहिती परत गावात यायला हवी. रापणीचा दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, मग ज्यांच्या टोपल्या मोजल्या त्यांना आलेख का दाखवू नये? नोंदीतून थेट फायदाही होऊ शकतो. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने ठरवलं की जाळ्यात कासव किंवा डॉल्फिनसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. त्यासाठी फोटोचा पुरावा लागतो. म्हणजे तिथे मच्छीमार स्वतःच नोंद करणारा होतो.

जायचं असेल तर

होकार द्यायच्या आधी हे विचारा :

एक, वनविभागाची परवानगी कुणाच्या नावावर आहे आणि त्यात मी बसतो का? समुद्री कासवं आणि डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. परवानगीशिवाय कासव हाताळणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

दोन, प्रश्न काय आहे? "आम्ही अमुक शोधतोय" असं एका वाक्यात सांगता येत नसेल तर तुम्ही बहुधा सहलीला चालला आहात.

तीन, शिकवणार कोण आणि किती दिवस? सुरुवातीला जुना आणि नवा दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून बघायला हवेत. म्हणून पाच दिवसांसाठी जाऊ नका. शिकण्यातच आठवडा जातो.

चार, लाइफ जॅकेट, विमा, आणि "आज समुद्र बरा नाही" हे शेवटी कोण ठरवतं? उत्तर तांडेल असायला हवं.

पाच, गोळा केलेली माहिती कुठे जाते आणि गावाला काय मिळतं?

काम साधारण ऑक्टोबर ते मे. सोबत पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, पेन्सिली, पाणी आणि कासवांसाठी लाल प्रकाशाचा टॉर्च. पांढऱ्या उजेडाने पिल्लं वाट चुकतात, तेव्हा फ्लॅश बंद.

आणि सुट्टी मिळत नसेल तर आज संध्याकाळी गच्चीवर जा. ई-बर्डवर पंधरा मिनिटं पक्ष्यांची यादी करा. शेवटी ते विचारतं : ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? या एका प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' असेल, तर तुम्ही न लिहिलेल्या पक्ष्यांचीही माहिती दिलीत. चिमणी यादीत नाही, म्हणजे पंधरा मिनिटं बघूनही ती दिसली नाही. हे सलग महिनाभर, कंटाळा न करता जमलं, तर मला मेसेज करा. मग लिंकचं बोलू.

तुमच्या गच्चीवर काय दिसलं नाही, ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.